येतो म्हणणारी

१

आमच्या भागात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं, आणि घरच्यांनी 'ये' किंवा 'या' म्हणायचं. म्हटलं नाही तर ते उद्धटपणाचं. शेजारच्या गल्लीतली कन्नड बोलणारी माणसंही 'बर्तीनि' म्हणूनच चपला घालतात, म्हणजे येतो असंच. शिवेवरून दोन राज्यं किती वर्षं भांडतायत, पण निघताना बोलायच्या या खोट्याबद्दल दोन्हीकडे एकमत आहे. ते खोटं आहे असंही कुणी मानत नाही. 'येतो' म्हणजे निघतो, एवढंच.

त्यात आम्हा निपाणीकडच्या मुलींचं आणखी एक. आम्ही 'मी येतो', 'मी जेवलो' असं पोरांसारखंच बोलतो. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा खोलीतल्या मुली माझ्या 'येतो'ला पोट धरून हसल्या. महिन्याभरात मी 'येते' शिकले. वाघ मागे लागल्यासारखी शिकले. आता झोपेतसुद्धा तोंडून 'येतो' निघत नाही.

आणि मीच आता 'शिवेवरच्या गप्पा' नावाचा पॉडकास्ट चालवते. बेळगावात विम्याच्या ऑफिसात नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते. त्यांचं बोलणं, त्यांचे धंदे, त्यांच्या काळचं गाव हे सगळं रेकॉर्ड करायचं. रविवारी तो भाग फोनवर येतो, आणि इथलं एक छोटं रेडिओ केंद्रही तो लावतं. आपली बोली जपतेस म्हणून लोक कौतुक करतात. माझं निवेदन मात्र अगदी धुतल्या तांदळासारखं शुद्ध असतं. नवरा चिडवतो, माणूस निपाणीचा आणि बोलणं पुण्याचं. मी लक्ष देत नाही.

त्या दिवशी खासबागेत, बेळगावच्या विणकरांच्या वस्तीत, मालुबाईंकडे गेले होते. जन्मभर मागावर बसलेली बाई. तिथं दिवसभर विजेच्या मागांची खटखट असते, रेकॉर्डिंग शक्यच नाही. म्हणून दुरुस्तीसाठी लाईट जाते तो दिवस मी धरते. लाईट गेली की सगळी गल्ली एकदम कानात बोट घातल्यासारखी गप्प होते. मालुबाई छान बोलल्या. लग्नाच्या साड्या, सासूचा मार, मराठीत भांडण आणि कन्नडमध्ये हिशेब. शेवटी मी उंबऱ्याशी उभी राहून 'येते हं' म्हटलं, त्या 'ये गं बाय' म्हणाल्या. माझा प्रत्येक भाग असाच संपतो, निघण्यानं.

२

आमच्या कामाची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी निरोप घेऊन बाहेर पडते, पण मशीन आतच फळीवर चालू ठेवते. गल्लीत थोडा वेळ थांबते, मग परत येऊन ते उचलते. माझा नवरा वृषभ आवाज जोडायचं काम करतो. त्याला प्रत्येक खोलीची शांतता हवी असते. माणसं बोलत नसताना खोली कशी वाजते ते. बोलण्यात कापाकापी केली की फटी पडतात, त्या या शांततेनं बुजवायच्या. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि एकीची दुसरीला चालत नाही.

मालुबाईंच्या खोलीची शांतता मी दुपारी हेडफोन लावून ऐकत होते. माझं 'येते हं'. त्यांचं 'ये गं बाय'. दाराचा आवाज, माझ्या चपला पायरीवरून उतरत गेल्या. मग खोली. भिंतीवरचं घड्याळ. मालुबाईंचा श्वास.

आणि मग, मशीनच्या अगदी जवळ, कुणीतरी म्हणालं, "येतो गं."

मी वृषभला बोलावलं. त्यानं ऐकलं आणि खांदे उडवले. म्हणाला, तुझाच आवाज आहे की, गल्लीतून म्हणाली असशील. मी म्हटलं, मी 'येतो' म्हणत नाही. तो म्हणाला, विसरून म्हणाली असशील, सुंभ जळलं तरी पीळ जातो का. बरोबर होतं त्याचं. पण गल्लीतला आवाज लांबून येतो, आणि हा आतून होता. आणि निघतानाचं 'येतो' शेवटाला ओढलेलं असतं, माणूस पाठ फिरवता फिरवता बोलतो. हे तसं नव्हतं. हाक मारल्यावर अंगणातून 'आलो आलो' म्हणत कुणी घराकडे वळतं, तसं होतं ते.

वृषभनं तो तुकडा कापून टाकला आणि आम्ही चहा प्यालो.

३

भाग प्रसिद्ध झाल्यावर मालुबाईंचा फोन आला. मला वाटलं भाग ऐकून केला असेल. त्यांनी भागाचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, काल आलीस ते लई बरं झालं. डोक्याला तेल लावून दिलंस, किती दिवसांनी कुणाचा हात लागला बघ.

मी काल ऑफिसात होते. मी तसं सांगितलं. त्या हसल्या. म्हातारपणी होतं असं, दुसरी कुणी शेजारची पोरगी येऊन गेली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि फोन ठेवायला लागले. तेव्हा त्या म्हणाल्या,

"पर एक सांगू का दिव्या, त्या दिशी तू कशी टीव्हीवानी बोलत हुतीस. काल कशी घरातल्यावानी बोललीस. आसंच बोलत जा की गं."

मला राग आला. भीती नाही, आधी रागच आला. कुणाच्या तरी चांगुलपणाशी आपली तुलना व्हावी आणि ते कुणीतरी आपलंच नाव लावून गेलेलं असावं, यात राग येण्यासारखंच आहे. मी ठरवलं की एकदा खासबागेत जाऊन विचारायचं, कोण आली होती, कशी दिसत होती. गेले मात्र नाही. कामं असतात.

४

पुढचं रेकॉर्डिंग निपाणीत होतं, श्रीपाल अण्णांकडे. तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेला माणूस. नुसत्या वासावरून पान कुठल्या शिवारातलं ते सांगायचे. बायको गेल्यापासून एकटेच. जुन्या खोलीत दोन खुर्च्या, मधे स्टूल, आणि कोपऱ्यात अजूनही तंबाखूचा उग्र वास. माझे प्रश्न मी नेहमीप्रमाणे कागदावर लिहून नेले होते आणि क्रमानं विचारले. अण्णांनीही क्रमानं उत्तरं दिली.

"येते हं अण्णा."

"या."

मी बाहेर आले. रस्त्यावर ऊन होतं, उसाचा एक ट्रॅक्टर अडकला होता आणि दोघंजण कन्नडमध्ये वाद घालत होते. मी थोडी थांबले आणि मशीन आणायला परत आत गेले.

अण्णा बोलत होते. हलक्या आवाजात, कुणाशी तरी, बायको गेली त्या दिवसाबद्दल. मी दारात दिसताच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. लहान मूल दोन सारख्या बाहुल्या बघतं तसं. मी फळीवरचं मशीन उचललं आणि निघाले. मला 'येते' म्हणवेना.

बसमध्येच हेडफोन लावला. माझ्या चपला लांब गेल्या. खोली शांत झाली. मग "येतो अण्णा", आणि खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि अण्णा म्हणाले, "बस. बस की." आणि माझा आवाज, माझा लहानपणीचा, कागदावर नसलेला प्रश्न विचारू लागला.

"काकू जाताना काय म्हनल्या हुत्या वं, अण्णा?"

मी हेडफोन काढला. पुढचं ऐकलं नाही. ते उत्तर माझ्यासाठी नव्हतं.

५

वृषभनं कारणं दिली. जुनं रेकॉर्डिंग पूर्ण पुसलं गेलं नसेल. मशीन दोन वेळा चालू झालं असेल. त्याची कारणं चांगली होती आणि मी ती सगळी घेतली. पण रात्रंदिवस माणसांचे आवाज कापणाऱ्याला आपल्याच बायकोचा आवाज ओळखता येतो, आणि त्यानंतर तो माझ्याशी जरा जपून बोलायला लागला.

मी विचार करत राहिले. यात वाईट काय आहे? मी इतक्या घरांतून 'येते' म्हणून निघाले. मशीन उचलण्यापलीकडे एकाही घरी परत गेले नाही. जाणारही नव्हते. आमच्यात तसं धरतच नाहीत. पण म्हातारी माणसं मागे दारात उभी राहतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहतात, हे मी मागे वळून कधी पाहिलं नाही असं नाही. समजा कुणी ते शब्द खरे धरले. समजा कुणी एकेका घरी जाऊन माझा शब्द पाळतंय. तर त्यात कुणाचं काय बिघडलं?

असं छान मनाचं समाधान होत आलं होतं. आणि मग भांडी घासता घासता माझा हात थांबला. मी सगळ्यात जास्त वेळा 'येते' कुणाला म्हटलंय?

आई गावी एकटी राहते. निपाणीच्या पुढे, कोगनोळीच्या अलीकडे, हायवेपासून आत. बेळगावहून बस सरळ आहे. दर फोनच्या शेवटी मी 'येते पुढच्या रविवारी' म्हणते, आणि रविवारी कुणाच्या तरी आईचं बोलणं रेकॉर्ड करायला जाते. आप्पा, माझे वडील, गेल्यापासून ती दर वेळी विचारायची, कवा येनार? त्या प्रश्नानं जीव नको व्हायचा. आणि बऱ्याच दिवसांत तिनं ते विचारलं नव्हतं. मला त्याचं बरंच वाटलं होतं. म्हटलं, समजूतदार झाली.

मी ओल्या हातानं फोन लावला. सूर्य मावळायला आला होता. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची रीत, आई जैन घरातली सून म्हणून अजून पाळते. मी कधीच सोडली.

"ठेव बाई आता," ती म्हणाली. आवाजात हसू होतं. "मागनं बोलू. आमी जेवाय बसलाव."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आमी," आई म्हणाली, आणि फोन ठेवला. मला ती 'बाई' म्हणाली होती. जन्मात कधी म्हणाली नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी रजा टाकून निघाले. हायवेवर उतरून चालत घरी पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आमचं घर साधंच, पुढे स्लॅब आणि मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. दार नुसतं लोटलेलं. बाहेर आईच्या चपला, आणि त्यांना लागून आणखी एक जोड, टाचेकडे डाव्या बाजूनं झिजलेला. माझ्या चपला तशाच झिजतात.

आतून बोलणं येत होतं. आई आप्पांची गोष्ट सांगत होती, पावसात बैल हरवल्याची. मी ती शंभरदा ऐकली आहे, म्हणजे तोडली आहे शंभरदा. आतली तोडत नव्हती. "मग वं?" म्हणत होती. "मग आप्पा काय म्हनलं?" आणि आई खुलून सांगत होती. आईचा असा आवाज मी कुठल्याच फोनवर ऐकला नव्हता. मला रडू आलं. भीती होतीच, पण आधी रडू आलं.

मी "आई" म्हटलं.

आत शांत झालं. आई दाराशी आली, दार अर्धं उघडून उभी राहिली. हाताला पीठ होतं.

"या की," ती म्हणाली. "कोन पायजे?"

या. ये नाही.

"आई, मी दिव्या."

ती माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होती. आवाज कुठून निघतो ते बघावं तशी. मग तिचा चेहरा उजळला.

"अवो, तुमी त्या रविवारच्या बाई न्हवं? आवाज वळखला मी. आमी दोघी ऐकताव की तुमचं. आमच्या दिव्याला बी लई आवडतंय."

तिच्या खांद्यावरून मला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. मावळतीचं ऊन पत्र्याच्या फटीतून आत आलं होतं. दोन ताटं मांडलेली. एका ताटापुढे कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. तेल लावून घट्ट घातलेली वेणी. हात भाकरी मोडायला पुढे झाला आणि तसाच थांबला. ऐकत असल्यासारखा.

मी पुष्कळ बोलायला गेले. तुझी मुलगी मीच, मला कशी ओळखत नाहीस, असं काहीतरी. प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून निवेदनासारखं बाहेर आलं. आई आदरानं मान हलवत ऐकत राहिली. मग आतून आवाज आला, शांत, थोडा चेष्टेचा.

"जाऊ दे गं आई. त्या नुसतं येते म्हनत्यात."

आई ओशाळून हसली. दिवस मावळतोय, जेवण व्हायचंय, पुन्हा कधी या, असं म्हणाली आणि दार लोटलं. मी काही म्हणण्याची वाट बघत ती फटीशी क्षणभर थांबली. निघताना पाहुणा जे म्हणतो ते. मी म्हटलं असतं, तर ती 'या' म्हणाली असती आणि मी मोकळी झाले असते. कायमची.

मी पायरीवर बसले. बसल्या बसल्या, कुणासाठी असं नाही, तोंडातून निघालं,

"मी कुठं जात न्हाय, आई. हितंच बसतो."

बसतो. कितीतरी वर्षांनी. त्यात पुणं नव्हतं, बेळगाव नव्हतं.

आत ताट सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी उठलं. परसातल्या दाराची कडी वाजली, आणि अगदी शुद्ध, गोड, ओळखीचा आवाज म्हणाला, "येते हं."

"ये गं," आई म्हणाली.

मग पुढचं दार सताड उघडलं. "दिव्या, आगं भाईर का बसलीस? जेवान गार झालं की तुजं."

मी आत गेलो. होय, गेलोच. स्वयंपाकघरातलं ताट अर्धं जेवलेलं होतं, पाट गरम होता. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. मी त्याच पाटावर बसलो आणि अर्धी उरलेली भाकरी खाल्ली.

७

वृषभला सांगायला फोन लावला, की मी गावी आहे, काही दिवस राहते. तो हसला. "आतल्या खोलीतनं फोन काय करालीस गं," म्हणाला, "काम करू दे," आणि ठेवला. मागे कुणीतरी चहाचे कप धूत होतं. मी पुन्हा लावला नाही. त्याच्या आवाजातला तो जपून बोलण्याचा भाव गेला होता.

आज रविवार. आई भाकरी थापतेय आणि मी तिच्या शेजारी बसून आप्पांच्या बैलाची गोष्ट ऐकतोय. पुन्हा एकदा, शेवटपर्यंत. गोष्टीत बैल सापडतो, हे मला माहीतच नव्हतं.

'शिवेवरच्या गप्पां'चा नवा भाग आईनं फोनवर लावला होता. खानापूरकडच्या कुणी रुक्माबाई बोलत होत्या, रानाबद्दल, भाताबद्दल. मी त्यांच्याकडे कधी गेलो नाही. प्रश्न अगदी नेटके होते, एकही इकडचा तिकडे नाही. आई म्हणाली, किती ग्वाड बोलती न्हाय ही बाई. मी व्हय म्हटलं. फोन बंद करायला हात पुढे केला, पण आईनं मला थांबवलं, राहू दे म्हणाली, संपतच आलंय.

भाग संपला. उंबऱ्याशी थांबून ती रविवारची बाई म्हणाली, "येते हं."

रुक्माबाईंचं उत्तर त्यात नव्हतं. कापलं गेलं असावं. नुसती शांतता होती, आणि मी कान देऊन ऐकलं. ती खानापूरची नव्हती. पत्र्यावर ऊन तापल्याची टिकटिक होती तिच्यात, आणि लांब हायवेवरच्या गाड्या.

आईला उत्तर न दिलेलं चालत नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकता टाकता फोनकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाली, "या हं बाई."